फोटो नवा झाला, पणजीचं गोंदण गेलं

बेळगावच्या शहापुरातलं आमचं जुनं घर यंदा पावसाळ्याआधी उतरवलं. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात १९ फोटो, काही कसरीने खाल्लेले, दोन काचेला घट्ट चिकटलेले. गल्लीतल्या एकाने बेळगावातला एक स्टुडिओ सांगितला. नाव इथं घालत नाही, कारण पुढं तक्रार आहे आणि त्यात निम्मी चूक माझीच.

स्कॅनिंगला दहापैकी नऊ. फोटोमागे ४० रुपये, १२०० डीपीआय, पेनड्राइव्ह आपला न्यायचा. पोरगा सुती हातमोजे घालून फोटो कडेनेच धरतो. काचेला चिकटलेला एक मी ओढायला गेले तर ओरडलाच, "ओढू नका ओ काकू, चेहरा काचेवरच राहतोय!" मग दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावून काचेसकटच कॅमेऱ्याने काढला. चकाकीचा एक ठिपका नाही. एक गुण कापला तो वाट बघायला लावल्याबद्दल.

घोळ पुढचा. "एक नवीन करून देतो की," म्हणाला, ३५० रुपये. मी हो म्हटलं. काय करायचं, काय नाही, ते सांगायचं सुचलंच नाही.

आठवड्याने फोटो मिळाला. दारात पणजी, ओटा, सागवानी खांब, सगळं लख्ख. घरी आणून चष्मा लावला तर हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके गायब. डाग समजून पुसले होते. साडीही गुलाबी केलेली. पणजीला आमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही, जे काय बघितलं ते या एका फोटोत. आता बहिणीच्या नातीला विचारलं तर ती सांगणार, पणजी गुलाबी साडी नेसायची.

त्याहून वाईट म्हणजे फोटोमागचा पुठ्ठा. "कुजला होता, काढून टाकला." कुठं टाकला? काउंटरखालच्या रद्दीच्या पोत्यात. बाकड्यावर बसून दोघांनी पोतं उपसलं. सापडला. मागच्या बाजूला पुसट जांभळा शिक्का: 'शहापूर, संस्थान सांगली'. नव्या पोरांना हे सांगावं लागतं. बेळगाव इंग्रजांचं, पण त्याला खेटून असलेलं शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. १९४८ ला संस्थान विलीन झालं, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. शिक्क्याखाली पेन्सिलीने मोडीची एक ओळ. ओळखीच्या निवृत्त गुरुजींनी ती खिडकीशी धरून वाचली: "कौले घातली तेव्हा."

त्या तीन शब्दांसाठी ३५० रुपये गेल्याचं दुःख नाही. घर उतरवताना भावाने एक कौल जपून ठेवलं होतं. त्यावर बासेल मिशनची, म्हणजे कौलांचे कारखाने चालवणाऱ्या पाद्र्यांच्या संस्थेची, इंग्रजी अक्षरं आणि १८६५. तो गावभर सांगत सुटलेला, घर १८६५ चं म्हणून. पण तो मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचा आकडा, नंतरच्या कौलांवरही तोच उमटायचा. पहिल्या महायुद्धात सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढं ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तेव्हा मिशनचं नाव असलेली आमची कौलं बहुधा लढाईच्या आधीची, आणि पणजी पंचविशीतली. जुनी कौलं कुठून आणून घातली असतील तर मात्र गोष्ट वेगळी. भाऊ अजून १८६५ सोडायला तयार नाही.

स्टुडिओवाल्याबद्दल खरं तेवढं सांगते: मूळ स्कॅन त्याने जपून ठेवला होता. गोंदण परत आलं, गुलाबी गेलं, जादा पैसे घेतले नाहीत. पुठ्ठाही पातळ कागदात गुंडाळून दिला. दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक फोटोबरोबर चिठ्ठी लावली: आधी दोन्ही बाजू स्कॅन, कडा कापू नका, रंग भरू नका, काही फेकू नका. चिठ्ठ्या बघून हसला, पण केलं तसंच.

तर स्कॅनिंगला बिनधास्त जावा. 'नवीन' करून घ्यायचं असलं तर शेजारी बसून करून घ्या, त्याला चालतं. सोमवारी बंद. दुपारी शटर अर्धं खाली असतंय, हाक मारली की वर करतो.