1971 च्या युद्धाचे ‘मूळ निगेटिव्हवरचे’ फोटो : 23,900 रुपयांना फसले, तुम्ही फसू नका

फौजींच्या घरांना हेरून फसवणारी ही टोळी आहे, म्हणून हे लिहिते आहे. माझे वडील जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. डिसेंबर 1971 मध्ये जमालपूरच्या (आताच्या बांगलादेशातल्या) लढाईत ते होते. नव्या घराच्या हॉलमध्ये एक भिंत त्यांच्यासाठी सजवायची, एवढीच इच्छा होती.

इन्स्टाग्रामवर एक पान दिसलं. लष्करी इतिहासाचे मोठे कृष्णधवल फोटो, काळ्या लाकडी फ्रेममध्ये, खाली पितळी पट्टी. मी तीन निवडले : ढाक्यातली पाकिस्तानी सैन्याची शरणागती, टांगाईलची (तेही बांगलादेशात) पॅराशूटची हवाई उडी आणि ‘जमालपूर जिंकल्यानंतर जंगी पलटण’. एक फोटो 6,500 रुपये. तिन्हींचे 19,500, त्यात ‘फौजी सवलत’ 1,500. पलीकडचा माणूस स्वतःला माजी सैनिक म्हणवत होता, लष्करी कँटीनच्या कार्डाचा फोटोही पाठवला. (कार्डाचा फोटो कुणीही पाठवतो. त्याला काडीचीही किंमत देऊ नका.)

स्वस्तात मिळतंय म्हणून मी धावले नाही. उलट महाग होतं म्हणूनच खरं वाटलं. प्रत्येक प्रिंट मूळ निगेटिव्हवरून, फक्त 71 प्रती, आणि माझा क्रमांक 16. सोळा डिसेंबर, शरणागतीचा दिवस! फौजीच्या मुलीला कुठे धरायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं.

9,000 आगाऊ भरले. मग प्रमाणपत्राचे 2,360. त्यानंतर ‘तुमचे प्रिंट तयार’ म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो आला, आणि तो क्षण आजही मला झोपू देत नाही. ढाक्याचा तो फोटो आपण शाळेपासून पाहिलाय. डावीकडे पगडीतले आपले जनरल अरोरा, उजवीकडे सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी, मागे आपले जनरल जेकब, सगत सिंग. माझ्या मोबाईलवर अरोरा उजवीकडे होते आणि नियाझी डाव्या हातानं सही करत होते. मला ते दिसलं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “ताई, सेल्फी कॅमेऱ्यानं काढलाय, उलटं दिसतं.” सेल्फीत उलटं दिसतं हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे उत्तर पटलं. पण समोर टेबलावर ठेवलेल्या फ्रेमचा फोटो कोण सेल्फी कॅमेऱ्यानं काढतो? तिथेच थांबायला हवं होतं. तोवर 11,360 गेले होते, आणि गेलेले पैसेच माणसाला पुढे ढकलतात. उरलेले 9,000 भरले, वर ‘परत मिळणारा’ वाहतूक विमा 3,540.

आलं ते काय? हलक्या एमडीएफची (लाकडी भुश्याच्या फळीची) फ्रेम आणि आत इंटरनेटवरून उतरवलेला फोटो ताणून काढलेला इंकजेट प्रिंट. शरणागतीचा फोटो उलटाच. टांगाईलला 11 डिसेंबरला 2 पॅरा ही छत्रीधारी बटालियन उतरली, जी मुळात मराठा लाइट इन्फंट्रीचीच तिसरी बटालियन. पण तेव्हा जगभर छापला गेलेला उडीचा फोटो आग्र्याच्या आधीच्या सरावातला होता; एक बटालियन नाही, आख्खी ब्रिगेड उतरली असं वाटावं म्हणून आपल्याच जनसंपर्क विभागानं तो दिला होता. ही गोष्ट आता जाहीर आहे. या भामट्यांनी तोच ‘टांगाईलचं मूळ निगेटिव्ह’ म्हणून विकला.

आणि जमालपूर? वडिलांच्या पलटणीतले एक सुभेदार काका घरी आले होते. आम्ही कौतुकानं त्यांना भिंतीसमोर नेलं. ते म्हणाले, “बाई, डिसेंबरात हाफ पँट? हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली? आम्हाला एसएलआर रायफली होत्या.” दुसऱ्या महायुद्धातले कुठले तरी सैनिक होते ते. माझी आई शेजारी उभी होती. त्या वेळी जी शरम वाटली, ती कुठल्या तक्रारीत लिहू?

पोलिसांकडे गेले तर “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” मी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पुढे केला, तो कुणी पाहिला नाही. एकानं विचारलं, “फोटोच आहे, उलटा असला म्हणून काय झालं?” सायबरचं आहे, सायबर पोलिसांकडे जा म्हणाले; तिकडचे म्हणाले हा ग्राहक वाद आहे. बँकेनं सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव, क्रमांक, तारखा सगळं कागदावर दिलं होतं. पोचपावतीसुद्धा मागून मागून घ्यावी लागली. देशासाठी लढलेल्यांच्या नावावर धंदा चाललाय, आणि टेबलामागच्या माणसाला त्यात ‘काय झालं’ तेच कळत नाही!

पैसे गेल्यागेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, वस्तू येण्याची वाट पाहू नका. पैसे भरण्याआधी तो फोटो इंटरनेटवर टाकून तो आणखी कुठे आहे ते शोधा. सगळीकडे तोच सापडला तर ‘मर्यादित प्रती’ ही थाप आहे. भारतात फोटोचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो, सरकारी फोटोंचा प्रसिद्धीपासून 60 वर्षं. म्हणजे 1971 मध्ये छापलेले फोटो अजून हक्कात आहेत. विकणाऱ्याकडे परवानगीचं पत्र मागा, पत्र नाही तर पैसे नाहीत. आणि भिंगातून पाहा : खऱ्या डार्करूम प्रिंटवर शाईचे ठिपके नसतात.

आता मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करते आहे. विकणारा कुठलाही असो, ती आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्या पानानं आता नाव बदललंय, पण पितळी पट्टी आणि ‘71 पैकी’ हा आकडा तोच आहे. तुमच्याकडे असा प्रिंट आला असेल तर फ्रेम फेकू नका. पावती, चॅट आणि खात्याचा क्रमांक सांभाळा आणि आपापल्या जिल्ह्यात तक्रार नोंदवा.