मसाई मारा: 'सर्व समाविष्ट' पॅकेज आणि गेटवर भरलेले ४,८०० डॉलर

सप्टेंबर २०२५, केनियातली जंगल सफारी, पुण्यातल्या एका टूरवाल्याचं पॅकेज: नैरोबी-अंबोसेली-नैवाशा-मसाई मारा, १२ माणसं, विमानासकट माणशी २,१०,००० रुपये. एकूण २५,२०,०००, तेही निघायच्या महिनाभर आधी पूर्ण चुकते केलेले.

मसाई मारा अभयारण्याच्या सेकेनानी गेटवर दुपारी साडेतीनला ड्रायव्हरने फाइल तीनदा चाळली. खिडकीतल्या माणसाने यादीत आमची नावं शोधली, एकही सापडलं नाही. माराची प्रवेश फी भरलेलीच नव्हती. पुण्याला टूरवाल्याला फोन लावला तर उत्तर: "साहेब, फी वाढली, आता तुम्ही भरा, आल्यावर बघू." धादांत खोटं! परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर, हा दर २०२४ पासूनचा आहे. आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं, म्हणजे त्या दिवशीच्या अडीच तासांसाठीही पूर्ण २००. त्या दिवसाचे २,४००, दुसऱ्या दिवसाचे २,४००, सगळे आमच्या कार्डांवरून गेले. तिसऱ्या सकाळची फेरी सोडून दिली. गेटवरच्या लोकांचा यात काडीचा दोष नाही.

हे आधीच दिसायला हवं होतं, आणि याचाच संताप येतो. दुसऱ्या कंपनीचं दरपत्रक २,४८,००० चं होतं, त्यात प्रत्येक पार्कची फी वेगळ्या ओळीत लिहिलेली. फरक ३८,००० चा. माराचे दोन दिवस म्हणजे ४०० डॉलर, तेव्हाच्या भावाने ३५,००० च्या घरात. म्हणजे 'सवलत' म्हणून दाखवलेली रक्कम जवळजवळ माराची फीच होती! ही वजाबाकी १२ जणांपैकी एकानेही केली नाही. आमच्या दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'पार्क फी लागू असेल तेवढी' असं होतं. नेमकी किती, हे विचारल्यावर "सगळं इन्क्लूडेड आहे, टेन्शन घेऊ नका" एवढाच मेसेज आला. याच माणसाने आमच्यातल्या दोन कुटुंबांची भूतानची सहल नीट केली होती, दुकानावर पाटी होती, कागदावर जीएसटी नंबर होता. आम्ही आंधळेपणाने पैसे टाकले नव्हते.

टीसीएस, म्हणजे परदेशी पॅकेज विकताना कंपनीने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, तो वाचवून देतो असं कुणी म्हणालं तर मात्र ऐकून घेऊ नका. "विमान वेगळं, बाकी वेगळं दाखवू, माणशी १०,५०० वाचतील," असं म्हणून त्याने पैसे एका बचत खात्यात घेतले. वाचत काहीच नाही. टीसीएस आपल्याच पॅनवर जमा होतो, आयकर खात्याकडच्या आपल्या कर-तपशिलात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. तो कापला नाही की परदेशी पॅकेज विकल्याचा पुरावाच राहत नाही.

गाडीतही फसवलं. लिहून दिल्या होत्या दोन लँड क्रूझर, प्रत्येकीत सहा जण, सगळ्यांना खिडकी. आल्या दोन हायएस व्हॅन, टू-व्हील ड्राइव्ह. माराची माती काळी, चिकण. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला पावसानंतर तिचं काय होतं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी एक व्हॅन दोन तास रुतून बसली. 'सफारी व्हेइकल' या शब्दावर जाऊ नका, मॉडेल आणि फोर-बाय-फोर लिहून घ्या. केनियातल्या कंपनीचा टीआरए (तिथल्या पर्यटन नियामक संस्थेचा) परवाना मागा. लॉजला स्वतः मेल करून आपल्या नावावर पूर्ण पैसे आलेत का ते विचारा, एका मेलचं काम आहे.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा "हे सिव्हिल मॅटर आहे", मग "गुन्हा केनियात घडला". पैसे पुण्यात घेतले, खोटं पुण्यात बोललं गेलं, मग गुन्हा केनियात कसा? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? चौथ्या खेपेला नुसता अर्ज घेऊन शिक्का मारून दिला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणाले, तुम्ही स्वतःहून पैसे पाठवलेत. बँकेचंही तेच. त्या खात्याचा साधा तपशीलही कुणी मागवला नाही. म्हणजे आधी केनियात लुटून घ्यायचं आणि मग इथे खुर्च्यांपुढे उभं राहून आपणच मूर्ख ठरायचं!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपापल्या रकमेची वेगळी तक्रार केली. गेटच्या पावत्या, कार्डाचं स्टेटमेंट, व्हॅनच्या नंबरप्लेटचा फोटो आणि तो "टेन्शन घेऊ नका" वाला मेसेज, सगळं जोडलं आहे. त्या टूरवाल्याची पुढच्या जुलैची जाहिरात सध्या फिरते आहे: मारा तीन दिवस, सर्व समाविष्ट, आणि शेवटच्या पानावर तीच बारीक ओळ.