सूर्यावर चालणारं घड्याळ आणि माझं लोखंडी कपाट

गणपती उरकले, पाऊस ओसरला म्हणून कपाटातून डायव्हिंगचं घड्याळ काढलं, तर डिजिटल खिडकी कोरी आणि काटे चार वाजून अकरा मिनिटांवर ठप्प. कुठल्या दिवशीचे चार, देव जाणे. मावसभावाने मस्कतहून आणलेलं, माझे 32 हजार गेलेले. 'बॅटरी बदलायची कटकट कायमची गेली' या एका वाक्याला भुलून मी ते मागवलं होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सोलर, काटे आणि डिजिटल एकत्र, 200 मीटरपर्यंत पाण्याला दाद न देणारं, एकाच बाजूला फिरणारी बेझल, म्हणजे काचेभोवतीची ठिपकेवाली कडी, एवढं पुरे. बाकीची माहिती सगळ्यांना पाठ असते. मी मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेतो. गेला सीझन, नोव्हेंबर ते मे, हे रोज मनगटावर होतं, ते 200 मीटर सोडून. आमचं काम आठ-दहा मीटरांत आटोपतं. हौसेखातर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर गेलो तेव्हाही त्याच्या ताकदीचा दहावा हिस्सा वापरला असेल.

तर पहाटेची एसटी धरून, फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने घड्याळ उघडलंसुद्धा नाही. "चार्जिंगचा सेल गेलाय. मुंबईला पाठवावं लागेल, 45 दिवस, 7,400 रुपये." वॉरंटी कार्ड पुढे केलं, तर म्हणे त्याच्यावर तिकडच्या दुकानाचा शिक्का नाही. मी म्हटलं, न उघडता सेल गेला हे कसं कळलं? "सर, सोलरमध्ये तोच जातो." मग थोडा आवाज चढला, दोन्हीकडून. 7,400 मध्ये दोन साधी घड्याळं येतात आणि त्यांच्या बॅटऱ्या आमच्या बाजारपेठेत दहा मिनिटांत बदलून मिळतात. घड्याळ खिशात टाकून परत आलो. तिकीट, दोन वडापाव आणि एक बुडालेला दिवस. त्या रात्री हा अनुभव लिहायला घेतला असता तर एक तारा दिला असता, तोही घड्याळ वेळेवर पोचलं म्हणून.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सूर्यार चालता मा ता? मगे कपाटात कित्याक ठेवलंस?"

याला उत्तर नव्हतं. तरी मी मॅन्युअल काढलं, भांडायला काहीतरी सापडेल म्हणून. बारीक अक्षरात तक्ता होता: भर उन्हात काही मिनिटांत दिवसभराची वीज, ट्यूबलाइटखाली त्यालाच तास लागतात, पूर्ण भरलं तर अंधारात 6 महिने. माझ्या कपाटात ते साडेतीन महिनेच होतं, मग मेलं कसं? दोन दिवस हेच डोक्यात. मग ट्यूब पेटली. सीझनभर मी आठ तास उन्हात असतो, घड्याळ नसतं! ऊन लागू नये म्हणून मी पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट घालतो, घड्याळ त्याच्या आत. दुपारी जेवताना ते काढून डब्यात. संध्याकाळी बोटीवरची पोरं लाइटचं बटण दाबून दाबून खेळणार. म्हणजे मे अखेरीस कपाटात गेलं तेव्हाच ते अर्धपोटी होतं.

पत्र्यावर ठेवणार होतो. मॅन्युअलने तेही अडवलं, 60 अंशांच्या वर तापू देऊ नका म्हणे. शेवटी आईने तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर, सकाळच्या उन्हात, फडक्यावर ठेवलं. सप्टेंबरचं ऊन कसलं, मधेच सर आली की धावत उचलायचं. तिसऱ्या दिवशी खिडकीत आकडे लुकलुकले. एक पैसा खर्च नाही. तेव्हा एका ताऱ्याचे चार केले, कोल्हापूरच्या काउंटरचा राग मात्र तसाच ठेवला.

पाण्यात हे घड्याळ उत्तम आहे, ते आधीच सांगायला हवं होतं. खोली आणि सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना मधे घ्यायचा थांबा, दुसऱ्या हातावरचा डाइव्ह कॉम्प्युटर बघतो. याचं काम फक्त वेळ. गढूळ पाण्यात काट्यांचा हिरवा उजेड लगेच दिसतो. डिजिटल खिडकी सरळ समोर धरली तर दिसते, तिरकं पाहिलं की अख्खी काच आरशासारखी चमकते आणि आकडे गायब. तारकर्लीची बारीक वाळू बेझलखाली जाऊन ती अडकते. गोडं पाणी आणि जुना टूथब्रश, काम फत्ते. पट्ट्याबद्दल तक्रार नाही.

आता मूळ दुखणं. काटे आणि डिजिटल यांची वेळ जुळत नाही. अर्धा मिनिट. एका म्यानात दोन तलवारी. दोघांना ठेका देणारा क्वार्ट्झचा खडा एकच असल्यामुळे फरक वाढत नाही हे खरं, पण जातही नाही. काटे वेगळे लावायचे, डिजिटल वेगळं. मिनिटकाटा दर 20 सेकंदांनी टुणकन एक पाऊल टाकतो, आणि चावी आत दाबताना आतल्या चाकांच्या दात्यांच्या ढिलाईने तो किंचित मागे सरकतो. सेकंदकाटा नाहीच. 32 हजारांच्या वस्तूत दोन घड्याळं दिली आणि त्यांची ओळख करून दिली नाही!

तुम्ही म्हणाल, अर्ध्या मिनिटाने काय होतं. आमच्या धंद्यात होतं. पॅकेजमध्ये पाण्याखाली 15 मिनिटं, आणि वर आलेला प्रत्येक दुसरा पर्यटक म्हणतो, "दहाच झाली." म्हणून मी बुडी मारताना त्याच्यासमोर बेझलचा ठिपका मिनिटकाट्यावर आणतो आणि वर आल्यावर दाखवतो. पहिला महिनाभर सगळे गप्प बसायचे. पैसे तिथेच वसूल झाले असं मी समजत होतो. मग एक पुणेकर काका भेटले. त्यांनी उतरताना डिजिटल वाचून ठेवलं होतं. वर आल्यावर मी काटा दाखवला, त्यांनी खिडकीवर बोट ठेवलं, आणि बोटीवरच बेरीज-वजाबाकी सुरू. वर त्यांनी हेही काढलं, की बेझल धक्क्याने फिरली तर गेलेला वेळ जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. बरोबर आहे, हवा संपायच्या आत माणूस वर यावा म्हणूनच ती एकाच बाजूला फिरते. "म्हणजे तुमचं घड्याळ गिऱ्हाइकाच्या विरोधात आहे," काका म्हणाले. मी 100 रुपये कमी घेतले.

उतरताना आणि वर आल्यावर दोन्ही वेळा काटाच पाहिला तर अर्ध्या मिनिटाचा प्रश्नच उरत नाही, हे मला कळतं. त्यांनाही कळत होतं.

घड्याळ पुन्हा सुरू झाल्यापासून चार वेळा जुळवलंय. काल रात्री चावी जरा लवकर दाबून पाहिली, आता काटे 10 सेकंद पुढे आहेत. आईला दाखवलं तर ती म्हणाली, त्यापेक्षा बाही वर कर.