स्टॉल आणि स्टेज बांधणाऱ्यांनो, तिसऱ्या कामाला सावध राहा

प्रदर्शनाच्या कामात आपल्या हातात जोर असतो तो उद्घाटनाच्या सकाळपर्यंतच. एकदा फीत कापली की स्टॉल उभा असतो, लाइट लागलेले असतात, ग्राहकाचे पाहुणे आत फिरत असतात. तेव्हा आपण काही काढूनही नेऊ शकत नाही आणि आपल्यावाचून कुणाचं अडतही नाही. ज्या माणसाने माझे नऊ लाखांहून जास्त रुपये बुडवले, त्याचा सगळा डाव या एका वेळेवर बेतलेला होता. तुर्भे, रबाळे, महापे, तिकडे ठाण्यात वागळे इस्टेट, या पट्ट्यात आमच्यासारखे स्टॉल-स्टेज करणारे खूप जण आहेत. त्याने एकट्या मला गाठलेलं नाही, हे नंतर कळलं. म्हणून सविस्तर लिहितोय. केस सुरू आहे, त्यामुळे नाव देत नाही.

माझं वर्कशॉप तुर्भे एमआयडीसीत. प्लाय-एमडीएफचं सुतारकाम, रंग, लॅमिनेट, लोखंडी फ्रेम हे सगळं इथेच होतं. ट्रस, एलईडी वॉल, साउंड बाहेरून भाड्याने येतं. हा माणूस इव्हेंट एजन्सीवाला म्हणून आला. बोलायला गोड, कामातलं कळणारा. पहिलं काम दिलं ते अगदी किरकोळ: शेल स्कीममधला (आयोजकच उभारून देतात तो तयार सांगाडा) तीन बाय तीन मीटरचा स्टॉल, नुसती ग्राफिक्स आणि एक काउंटर. पैसे हँडओव्हरच्या, म्हणजे काम ताब्यात द्यायच्या, आधी खात्यात. दुसरं काम ठाण्यातल्या एका डीलर मीटचं छोटं स्टेज आणि बॅकड्रॉप. बिल पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी टीडीएस कापून रक्कम जमा. "दादा, आपल्याकडे व्हेंडरचे पैसे कधी थांबत नाहीत," असं तो वर म्हणाला. आपल्या लाइनीत दोन-दोन, तीन-तीन महिने बिलं अडकतात. असा माणूस भेटला की आपण त्याची कामं पुढे घेतो, दुसऱ्याची मागे सारतो. ही दोन बिलं म्हणजे त्याची गुंतवणूक होती.

तिसरं काम मोठं. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमधलं एक इंजिनिअरिंगचं प्रदर्शन. त्यात दोन कस्टम स्टॉल, एक ३६ चौरस मीटरचा आणि एक ५४ चा, शिवाय सोबतच्या परिषदेचं स्टेज. स्टॉलचा दर चौरस मीटरला ९,००० रुपये धरून ८,१०,००० झाले, स्टेजचे २,४०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १२,३९,०००. वर्क ऑर्डरवर लिहिलं होतं की ३० टक्के आधी, ५० टक्के हँडओव्हरला, २० टक्के डिसमेंटलनंतर, म्हणजे प्रदर्शन संपून सगळं उतरवल्यावर. अ‍ॅडव्हान्स म्हणून तीन लाख आले, ठरल्यापेक्षा सत्तर हजारांनी कमी. "बाकीचे हँडओव्हरच्या पेमेंटमध्ये घालतो," म्हणाला.

बिल्ड-अपच्या, म्हणजे हॉलमध्ये स्टॉल उभारायच्या, रात्री काय झालं ते नीट वाचा, कारण खरी पद्धत तिथे दिसते. संध्याकाळपासून बदलांचा मारा सुरू झाला. फॅसिआ (स्टॉलवरची नावाची पट्टी) फूटभर वर घ्या. स्टोअर रूमचं दार या अंगाला नको, त्या अंगाला. अजून दोन काउंटर हवेत, ग्राहकाचा आग्रह आहे. "करा दादा, एक्स्ट्रा लावा बिलात, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतोच." टाकलं काहीच नाही. यातला एकही बदल ग्राहकाने मागितलेला नव्हता, हे ग्राहकानेच मला नंतर सांगितलं. मग ते कशासाठी? मिस्त्री शिडीवर, पेंटर शेवटचा हात मारतोय, इलेक्ट्रिशियन फोकस जुळवतोय, अशा गडबडीत मध्यरात्र गाठायची. त्या वेळी पैशाची गोष्ट काढायला फुरसत कुणाला असते? आणि काढली तरी समोर हॉल रिकामा करायची घाई असतेच. पॅसेजमधलं सामान उचला, कार्पेट अंथरायचंय, म्हणून आयोजकांची माणसं फेऱ्या मारत असतात.

मी पैसे मागितले तेव्हा त्याने तिथेच उभ्या उभ्या मोबाइल काढला, दोन मिनिटं काहीतरी केलं आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. सहा लाख रुपये, हिरवी खूण, 'यशस्वी', माझं नाव, माझा खाते नंबर, वर लिहिलेलं एनईएफटी. मी बँकेचं अ‍ॅप उघडून बघितलं, काही आलेलं नव्हतं. तो म्हणाला, "एनईएफटी आहे ना दादा, बॅच लागली की येईल." हे वाक्य खरंच आहे, म्हणून ते चालून जातं. एनईएफटीचे पैसे दर अर्ध्या तासाच्या बॅचने सरकतात. त्याने स्टॉल ताब्यात घेतले. स्टेजही घेतलं.

सकाळी पैसे नव्हते. फोन केला तर म्हणाला, "शनिवार-रविवार आहे, बँक बंद, सोमवारी दिसतील." आता हे पाठ करून ठेवा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस चालतं. रविवार असो की दिवाळी, बॅच लागतेच, आणि बॅच लागल्यावर दोन तासांत पैसे तुमच्या खात्यात यायला हवेत, नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत जायला हवेत. 'बँक बंद आहे' असं सांगणाऱ्याने पैसे पाठवलेलेच नाहीत.

तो स्क्रीनशॉट नंतर आमच्या अकाउंटवाल्या ताईंना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "हे खोटं आहे. नंबर मोजा." वर एनईएफटी लिहिलेलं आणि खाली संदर्भ क्रमांक बारा आकडी. बारा आकडी नंबर आयएमपीएसचा नाहीतर यूपीआयचा असतो. एनईएफटीचा यूटीआर, म्हणजे हाच संदर्भ क्रमांक, सोळा अक्षरांचा असतो आणि आरटीजीएसचा बावीस. बरं, आयएमपीएस समजावं तर त्याची एका व्यवहाराची मर्यादा पाच लाख, मग सहा लाख गेले कसे? म्हणजे ते चित्र कुठल्याच मार्गात बसत नव्हतं. असे खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप असतात. खात्यात रक्कम दिसेपर्यंत चित्राला काडीचीही किंमत देऊ नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

दुसरा धक्का प्रदर्शन सुरू असतानाच बसला. ५४ मीटरवाल्या स्टॉलच्या मालकांना मी भेटलो, नाशिककडची व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी. भले गृहस्थ, चहा पाजला. मी एजन्सीच्या थकबाकीचा विषय काढला तर ते चकितच झाले. "आम्ही सगळे पैसे प्रदर्शनाच्या आधीच दिलेत हो. त्याने सांगितलं की फॅब्रिकेटरला पूर्ण रक्कम आगाऊ लागते." त्यांनी मोबाइलवर त्याचं प्रेझेंटेशन उघडून दाखवलं, 'आमची कामं' म्हणून. त्यातला एक फोटो आम्ही पूर्वी दुसऱ्याच एजन्सीसाठी केलेल्या स्टॉलचा होता. कोपऱ्यात आमची पिवळी शिडी दिसत होती, तिच्या वरच्या पायरीला मिस्त्रींनी गुंडाळलेल्या निळ्या टेपसकट. स्टॉल घेणाऱ्या कंपन्यांनाही म्हणूनच सांगतो: फोटोंवर विश्वास ठेवून पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. प्रत्यक्ष बांधणाऱ्याचं वर्कशॉप बघायला मागा. ज्याचं काम खरं आहे तो आनंदाने दाखवतो.

डिसमेंटल झालं आणि मग ई-मेल आला. कामात दोष आहेत, ग्राहक नाराज आहे, म्हणून साडेतीन लाखांची डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून कापल्याचा कागद. लॅमिनेटला फुगे, लोगोचा निळा रंग जुळत नाही, एलईडी पॅनल लुकलुकतंय. सोबत फोटो. फुगे आलेल्या लॅमिनेटच्या फोटोत खाली निळं कार्पेट होतं. आमच्या दोन्ही स्टॉलमध्ये राखाडी होतं. म्हणजे फोटोही दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचा. मी हँडओव्हरच्या वेळी प्रत्येक बाजूने फोटो आणि व्हिडिओ काढले होते, ते आता उपयोगी पडताहेत. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी: स्टॉल सोडताना ग्राहकाच्या माणसाची सही असलेला हँडओव्हर कागद, आणि वेळ दिसेल असे फोटो.

मग मी वकिलाचं नाव काढल्यावर त्याने चार लाखांचा चेक दिला. तो 'पेमेंट स्टॉप्ड' शेऱ्याने परत आला. खूप जण इथे हात टेकतात, त्यांना वाटतं स्टॉप पेमेंट म्हणजे चेक बाउन्स नव्हे. तसं नाही. स्टॉप पेमेंट केलेला चेकही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली येतो, सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच हे स्पष्ट केलंय. २०१५ च्या दुरुस्तीनंतर केस आपलं खातं बँकेच्या ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते, त्यामुळे त्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत.

सगळ्यात जास्त टोचतं ते जीएसटीचं. बिल आपण लावलं की कर आपल्यालाच भरावा लागतो, पैसे येवोत न येवोत. १,८९,००० रुपयांतून माझं इनपुट (माल घेताना मी आधीच भरलेला जीएसटी) वजा जाता उरलेला कर मी खिशातून भरला. मजुरी, टेम्पो, एलईडीवाल्याचं भाडं, हे तर थांबवून चालतच नाही. ती माणसं रात्रभर जागलेली असतात. पण याच कागदांचा एक फायदाही आहे. त्याने टीडीएस कापून भरला असेल तर तो तुमच्या २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-कपातीच्या पत्रकात) दिसतो, आणि मग त्याला 'हे काम झालंच नाही' असं म्हणणं जड जातं. माझ्या बाबतीत तसा तो दिसतोय. शिवाय त्याने तुमच्या बिलावर इनपुट क्रेडिट घेतलं असेल आणि १८० दिवसांत पैसे दिले नसतील तर ते क्रेडिट त्याला व्याजासकट परत करावं लागतं. नोटिशीत हे दोन्ही मुद्दे घाला.

उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची असेल तर अजून एक दार उघडं असतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करारात काहीही लिहिलेलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. ऑनलाइन अर्ज करता येतो, तो अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे जातो. मी केलाय. ज्यांची उद्यम नोंदणी नाही त्यांनी आज करून घ्या, फुकट आहे. पैसे मागणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका.

पोलिसांकडे एकटा गेलो तेव्हा 'हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा' असं ऐकावं लागलं. राग आला, पण वकिलांनी समजावलं की त्यात कायद्याचा मुद्दा आहे. नुसते पैसे थकवणं म्हणजे फसवणूक ठरत नाही; सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. एकट्या माणसाच्या तक्रारीतून ते दिसत नाही. म्हणून मी शोध सुरू केला. कल्याणचा एक साउंड-लाइटवाला, ठाण्यात फर्निचर भाड्याने देणारे एक काका, तुर्भ्यातलाच एक प्रिंटर, सगळ्यांची कहाणी तीच. दोन लहान कामं, चोख पैसे, तिसरं मोठं काम, रात्रीचा स्क्रीनशॉट, नंतर दोषांची यादी. ठाण्याच्या एका डिझायनर मुलीकडून तर त्याने 'पिच आहे, ग्राहकापुढे मांडायचंय' म्हणून स्टॉलचं थ्रीडी चित्र करून घेतलं आणि तेच मला ड्रॉइंग म्हणून दिलं. तिला एक रुपया मिळालेला नाही. एजन्सीचं नाव प्रत्येक वेळी वेगळं. आम्ही सगळे कागद एकत्र करून गेलो, सोबत नाशिकच्या कंपनीने दिलेल्या आगाऊ पेमेंटच्या नोंदी जोडल्या. या वेळी अर्ज घेतला गेला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठी आहे.

नवीन एजन्सी आली की आता मी पहिल्यांदा जीएसटी पोर्टलवर तिचा नंबर टाकतो. नोंदणी कधीची, रिटर्न नियमित भरलेत का, हे कुणालाही दिसतं. नंबरातले तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे दहा अक्षर-आकडे म्हणजे पॅन, त्यावरून त्याच पॅनवरच्या बाकीच्या नोंदण्याही शोधता येतात. नोंदणी काही महिन्यांचीच आणि प्रेझेंटेशनमध्ये दहा वर्षांची कामं, असं दिसलं की मी सरळ नाही म्हणतो. वर्क ऑर्डरमध्ये हँडओव्हरचा हप्ता आता बिल्ड-अपच्या आदल्या दिवशी असतो. रक्कम खात्यात दिसल्याशिवाय माल वर्कशॉपमधून टेम्पोत चढत नाही. साइटवरचा प्रत्येक बदल ग्राहक कंपनीच्या माणसाच्या मेलवरून येतो, एजन्सीच्या तोंडून नाही. यामुळे एक-दोन कामं हातची गेली. जाऊ देत.

त्याचा चेक ज्यांच्याकडे पडून असेल त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी तारीख बघा. चेक तीन महिन्यांच्या आत भरावा लागतो. परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून महिन्याभरात कोर्टात तक्रार. "पुढच्या आठवड्यात देतो, वकील कशाला" असं तो नक्की म्हणेल, मलाही म्हणाला होता. तेवढ्यात हे ३० दिवस निघून जातात.