परिवेश पोर्टल: साखर कारखान्याच्या अटी तपासायच्या तर आधी जूनचा अहवाल उघडा

पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं बघायला केंद्राचं परिवेश पोर्टल 2018 पासून आहे. मंजुरीपर्यंतचा प्रवास त्यावर नीट दिसतो. नंतर अटींचं काय झालं, ते मात्र आपणच जुळवत बसायचं. पाचपैकी तीन तारे.

प्रस्ताव क्रमांक हाताशी असू द्या. राज्याच्या पर्यावरण मंजुरी प्राधिकरणाकडचा असेल तर तो 'एसआयए/एमएच'ने सुरू होतो. नावाने शोधायचं तर 'सहकारी'चं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. मंजुरीचं पत्र उतरवून घ्या आणि त्याशेजारी सहामाही अनुपालन अहवाल (अटी कशा पाळल्या ते कारखान्याने अटवार लिहिलेला) ठेवून अट क्रमांकाने ताडून बघा. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे हा अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो.

कोल्हापुरात जूनचा महत्त्वाचा. डिसेंबरच्या अहवालात एप्रिल ते सप्टेंबर येतो, म्हणजे गाळप आटोपलेलं आणि पुढे पंचगंगा दुथडी. तेव्हा नदीचा बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) कमीच येणार! गाळपाचे महिने जूनच्या अहवालात सापडतात. त्यातही नमुन्याची तारीख बघा आणि त्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) होते की काढले होते, हे गावात विचारा. बरगे काढून पाणी सोडल्यावर घेतलेल्या नमुन्यावरून तुंबलेल्या, मळीमिश्रित पाण्याचा अंदाज येत नाही. पोर्टलला बरग्यांचं काही माहीत नसतं.

'पूर्तता केली' एवढंच उत्तर असेल तर आकडा शोधा. सांडपाण्याची मर्यादा गाळलेल्या उसाच्या टनामागे 200 लिटर, म्हणजे रोज 5000 टन गाळणाऱ्या कारखान्याला दिवसाला 10 लाख लिटर. 2016 मध्ये ती 400 वरून 200 वर आली. धोरण कागदावरून खाली उतरलं का, हे इथेच कळतं: कारखान्याचं जुनं पत्र आणि विस्ताराचं नवं पत्र घ्या, नवा आकडा आला की जुनीच वाक्यं चिकटवली, ते बघा.

दुसरा ताळा फॉर्म 5 चा, म्हणजे कारखान्याच्या वार्षिक पर्यावरण विवरणपत्राचा. 30 सप्टेंबरपर्यंत तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. उत्पादनामागे लागलेलं पाणी त्यात मागच्या आणि यंदाच्या वर्षाचं शेजारीशेजारी असतं. माहिती अधिकारात मागवा.

विस्ताराला मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाचा, म्हणजे आपल्यासाठी नागपूरचा, प्रमाणित अनुपालन अहवाल लागतो. कारखान्याने आपल्या अहवालात दिलेलं उत्तर आणि या प्रमाणित अहवालातला शेरा जुळत नसेल तर ती अट क्रमांकासकट जनसुनावणीत लेखी द्या. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी निघते, तेवढ्यात हे सगळं हाती येईलच असं नाही; माहिती अधिकाराचा अर्ज आधीच टाकून ठेवा.