फॉरमॅटचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि पस्तावलो

पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला कितीतरी वर्षं हेच फुकट सॉफ्टवेअर वापरतोय, दुकानात येईल त्याला मीच सांगायचो हे टाका म्हणून, पण नवीन व्हर्जन टाकलं आणि डोकंच फिरलं. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह, गाडीच्या म्युझिक सिस्टिमला फॅट३२च (ड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत) लागतो, आणि यादीत फक्त एक्सफॅट नि एनटीएफएस या दुसऱ्या पद्धती! अरे, विंडोजच्या फॉरमॅट विंडोत ३२ जीबीच्या वर फॅट३२ मिळायचं नाही म्हणून तर लोक असली सॉफ्टवेअर घ्यायचे ना. फॅट३२ मध्ये ४ जीबीची फाइल बसत नाही हे मान्य, पण गाणं पाच-दहा एमबीचं असतं. क्लस्टर साइज, म्हणजे ड्राइव्हवरच्या जागेचा एकेक तुकडा केवढा ठेवायचा ते निवडायचं, तेपण गायब. सगळ्यात जास्त राग आला तो बॅड सेक्टर (ड्राइव्हवरची खराब जागा) तपासणी काढली त्याचा, आधी खाली छोटा चौकोन होता, टिक केली की पूर्ण ड्राइव्ह लिहून परत वाचून बघायचं, वेळ खूप जायचा पण वर १२८ छापलेलं आणि आत ८ जीबी असलं बोगस कार्ड तिथंच पकडलं जायचं. आता दोन सेकंदांत झालं म्हणतं, आणि उद्या गिऱ्हाइकाचे लग्नाचे फोटो गेले की बोलणी आम्ही खायची. जुन्या लॅपटॉपवर आधीची सेटअप फाइल सापडली, तीच टाकलीय परत. ज्यांचं जुनं चालतंय त्यांनी अपडेट अजिबात दाबू नका. सध्या एकच स्टार, तपासणी परत आणा, लगेच वाढवतो.