अमेरिकन यादवीतली पत्रं: आधी कोणता संग्रह उघडावा?

अमेरिकेतल्या यादवी युद्धाशी (१८६१–६५) आपली ओळख बहुधा कापसापुरतीच: तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. लढणाऱ्यांच्या हातची पत्रं वाचायची तर दोन संग्रह जरूर पाहावेत. व्हर्जिनिया विद्यापीठाचा 'व्हॅली ऑफ द शॅडो' आणि मेरीलँड विद्यापीठाचा 'फ्रीडमेन अँड सदर्न सोसायटी प्रोजेक्ट', म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या कागदांचा.

'व्हॅली'त दोनच काउंट्या (जिल्हे) आहेत, उत्तरेकडची फ्रँकलिन आणि दक्षिणेकडची ऑगस्टा. पण पत्रांच्या जोडीला रोजनिशा, वर्तमानपत्रं, जनगणनेच्या नोंदी असल्यामुळे लिहिणाऱ्याचं घर, शेजार, मिळकतही शोधता येते. दक्षिणेच्या जनरल जॅक्सनचा नकाशाकार जेडेडाया हॉटकिस याची बायकोला लिहिलेली पत्रं इथेच आहेत.

मेरीलँडच्या संग्रहाला असा एक गाव नाही. त्यातले कागद राष्ट्रीय अभिलेखागारातले, म्हणजे सरकारी दप्तरात जाऊन पडलेले. विकून पांगवलेल्या गुलाम कुटुंबांची पत्रं जपायला पेटी कुणाच्या घरी असणार? स्पॉट्सवुड राइस हा मिसूरीतला गुलाम उत्तरेच्या सैन्यात शिरला आणि सप्टेंबर १८६४ मध्ये त्याने इस्पितळातून दोन पत्रं लिहिली: एक मुलींना, मी तुम्हाला सोडवायला येतोय म्हणून, दुसरं एका मुलीला अडवून ठेवणाऱ्या मालकिणीला, उघड धमकीचं. मालकिणीचा भाऊ पोस्टमास्तर होता. राइसला राज्याबाहेर घालवा, अशी तक्रार करताना त्याने ही पत्रं जनरलकडे धाडली. म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. मला हे वाचून गलबलून आलं.

काळ्या सैनिकांची पत्रं 'व्हॅली'तही आहेत. ५४व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या सैनिकांच्या पलटणीत गेलेल्या, फ्रँकलिनमधल्या मर्सर्सबर्गच्या डेमस-क्रिस्टी कुटुंबातली पत्रं चुकवू नका. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ वजा. ही कुचंबणा या घरच्या पत्रांत दिसते, आणि त्याच पलटणीतला जेम्स हेन्री गुडिंग तीच मेरीलँडच्या संग्रहात थेट लिंकनपुढे मांडतो.

महिनाभर सवड असेल, एखाद्या घराचा माग काढायचा असेल, तर 'व्हॅली'. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर राइस. मेरीलँडचे निवडकच कागद ऑनलाइन आहेत, बाकीच्यांसाठी छापील खंड लागतील. दोन्हीकडे शब्द बऱ्याचदा उच्चाराप्रमाणे लिहिलेले आहेत. अडलात तर मोठ्याने वाचा, अर्थ लागतो.